तापलेल्या जीपची साक्ष

हुबळी-धारवाडकडील मराठी घराण्यांचा इतिहास सांगू लागले की आपली मंडळी काही ठरलेल्या मुक्कामांवर विसावा घेतात. एप्रिल १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडचा किल्ला घेतला, हा पहिला मुक्काम. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली, तिचे मुख्य ठाणे धारवाडास आणि कारखाना हुबळीस झाला, हा दुसरा. त्याच कंपनीच्या इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज नांदू लागले, हा तिसरा. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, हा चौथा. या सर्वांची कागदपत्रे आहेत, त्यांवर पुष्कळ लिहूनही झाले आहे. मात्र ज्या वस्तूंनी या घरांचा रोजचा व्यवहार वाहिला, त्यांची दप्तरे कोणी ठेवली नाहीत. मागील अंगणात पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली जुनी पेट्रोल जीप ही त्यांतलीच एक.

या जीपविषयी एक तक्रार पिढ्यान् पिढ्या ऐकू येते. सकाळी थंड असताना गाडी पहिल्या हँडलास चालू होते. वाटेत काही कुरकूर नाही. अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापुरास यावे, चहापुरते थांबावे आणि पुन्हा सेल्फ मारावा, तर इंजिन काही केल्या धरत नाही. तासाभराने, कोणीही काहीही न करता, तीच गाडी निमूटपणे चालू होते. मग मंडळी हसतात, ‘गाडीला विश्रांती हवी होती’ असे म्हणतात आणि पुढे निघतात.

हीच तक्रार प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता ती क्षुल्लक वाटेल. तथापि तिच्यात एका यंत्राचा, एका प्रदेशाच्या हवेचा आणि पेट्रोल नावाच्या पदार्थाचा असा तिहेरी इतिहास गुंतलेला आहे, असे आम्हांस वाटते. शिवाय हिचे निदान चुकल्यामुळे जुन्या जीपा आपले मूळ इंजिन गमावून बसतात, आणि एकदा गेलेले मूळ इंजिन सहसा परत मिळत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

यंत्राची जन्मभूमी

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने एका हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी काढली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बँटम या लहानशा कंपनीने पहिला नमुना हजर केला. पुढे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनी महायुद्ध संपेपर्यंत मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. विलीजची बाजू वरचढ ठरली ती तिच्या इंजिनामुळे. बार्नी रूस या अभियंत्याने सुधारलेले हे चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे इंजिन ६० अश्वशक्ती देई. विलीजचा कारखाना ओहायो राज्यातील टोलेडो येथे, ईरी सरोवराच्या काठी होता. तिथला जानेवारी म्हणजे गोठलेले पाणी आणि बर्फाचे ढीग. या इंजिनाचे अनेक गुणदोष त्या हवामानाशी जोडलेले आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

आपल्याकडे जीप आली ती मुंबईच्या वाटेने. २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी स्थापन झाली. फाळणीनंतर तिचे एक भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे पडले. विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जुळणी करणे हा तिचा त्या काळचा महत्त्वाचा उद्योग होता. मुंबई तेव्हा धारवाड जिल्ह्याच्याही प्रांताची राजधानी होती. सरकारी कामकाज, व्यापार आणि नातीगोती या तिन्ही वाटांनी आपल्या माणसांचे तिकडे जाणे-येणे होते. त्यामुळे नवी वस्तू मुंबईत उतरली की ती इकडे पोचण्यास फार काळ लागत नसे.

१९५३ मध्ये विलीजने सी.जे. ३ बी हा नवा नमुना काढला. उंच, चौकोनी बॉनेटवरून तो चटकन ओळखू येतो. ही उंची शोभेसाठी नव्हती. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणाऱ्या झडपा सिलिंडरच्या डोक्यात वर बसविल्या होत्या आणि बाहेर सोडणाऱ्या झडपा खाली ठोकळ्यातच राहिल्या होत्या. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याच्यासाठी बॉनेटही उचलावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद पडला. आपल्याकडे महिंद्रने त्याचे उत्पादन त्यानंतरही कित्येक वर्षे चालू ठेवले. आपल्या अंगणांतील बहुतेक जीपा याच वंशातल्या आहेत.

या भागात जीपला काम पुष्कळ होते. धारवाडहून हल्याळमार्गे दांडेलीच्या सागवानी जंगलात शिरणाऱ्या वाटा पावसाळ्यात अन्य गाडीला दाद देत नसत. १९५५ साली दांडेलीस वेस्ट कोस्ट पेपर मिल ही कंपनी निघाली. पुढे काळी नदीवरील सुपे धरणाचे काम अनेक वर्षे चालले. जंगलखाते, लाकडाचे ठेकेदार, धरणावरचे अभियंते, खेडोपाडी जाणारे डॉक्टर आणि काळ्या जमिनीत कापूस पिकविणारे शेतकरी, सर्वांना ही गाडी सोयीची होती. घाट, जंगल, चिखल आणि एप्रिलचे ऊन यांतून तिने जी वाट काढली, त्यातच तिची ही जुनी तक्रार जन्माला आली.

उष्णतेची वाट

तापलेले इंजिन चालू का होत नाही, हे समजण्यासाठी एक साधी गोष्ट प्रथम पाहिली पाहिजे. इंजिन चालू असते तेव्हा पंखा हवा खेचतो, पाणी फिरत असते आणि टाकीतून येणारे ताजे पेट्रोल कार्बोरेटरला थंड ठेवते. चावी फिरवून इंजिन बंद केले की हे तिन्ही उपचार एकाच क्षणी थांबतात. परंतु सिलिंडरचे डोके आणि धूर बाहेर नेणारी बिडाची नळी रसरसलेलीच असतात. त्यांची उष्णता आता बॉनेटखाली कोंडते आणि पंप, नळ्या, कार्बोरेटर यांच्यात मुरत जाते. म्हणून कार्बोरेटर सर्वांत अधिक तापतो तो गाडी धावत असताना नव्हे, तर थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी. चहाला नेमका तेवढाच वेळ लागतो.

पेट्रोल हे पाण्यासारखे एका ठरावीक अंशाला उकळत नाही. ते अनेक हलक्या-जड द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील सर्वांत हलके अंश ३५-४० अंश सेल्सियसलाच वाफ होऊ लागतात, तर जड अंशांना २०० अंशांच्या आसपास जावे लागते. इंधनशास्त्रात पेट्रोलचा बाष्पदाब मोजण्यासाठी ३७.८ अंश हे तापमान ठरलेले आहे. हुबळीच्या एप्रिलमधील दुपार जवळजवळ तेवढीच असते. म्हणजे प्रयोगशाळेत जी कसोटी मुद्दाम तापवून घ्यावी लागते, ती आपल्याकडे सावलीत उभ्या असलेल्या गाडीचीही आपोआप होते. त्यात धारवाडची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर आणि हुबळीची त्याहून थोडी कमी. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सात-आठ टक्क्यांनी उणा असतो, आणि दाब उणा झाला की प्रत्येक द्रव आधी उकळतो.

जीपच्या रचनेने यात भर घातली. तिची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली आणि पंप पुढे इंजिनाच्या अंगाला चिकटलेला. पंप पेट्रोल ढकलत नाही, लांबून ओढून घेतो. म्हणून टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या नळीत दाब आणखी उतरलेला असतो. या ओढीच्या नळीत पेट्रोलची वाफ झाली तर पंपाचा पडदा हलत राहतो आणि पुढे जाते ती केवळ वाफ. मिस्त्री लोक यालाच ‘हवा धरली’ असे म्हणतात. वास्तविक ती हवा नसून पेट्रोलचीच वाफ असते. म्हणूनच ती निवल्यावर पुन्हा पेट्रोल होते आणि दोषाचा मागमूस राहत नाही.

जुन्या, खालच्या झडपांच्या इंजिनात आणखी एक योजना आहे. टोलेडोच्या थंडीत पेट्रोल नळीतच थिजल्यासारखे होऊन नीट मिसळत नसे. म्हणून धुराच्या गरम नळीने आत येणाऱ्या मिश्रणाची नळी तापवावी अशी व्यवस्था केली आणि तापमानाप्रमाणे उघडझाप करणारी एक झडप बसविली. ही झडप गंजून एका जागी अडकली, तर भर उन्हातही धूर मिश्रणाला तापवीत राहतो. टोलेडोच्या जानेवारीत जो गुण, तो हुबळीच्या एप्रिलमध्ये दोष. पुढच्या हरिकेन इंजिनात कार्बोरेटर थेट सिलिंडरच्या डोक्यावर बसला. तिथे इंजिन थांबल्यावर वर चढणारी उष्णता त्याच्या तळालाच भिडते.

एक तक्रार, तीन कालखंड

इथवरच्या विवेचनावरून वाचकांस वाटेल की सर्व दोष पेट्रोलच्या वाफेचा. अनेक घरांतून तसे गृहीतच धरले जाते, कारण आजोबांनी तसे सांगितलेले असते. आमचे म्हणणे असे की तक्रार तीच राहिली, तरी तिचे कारण काळागणिक बदलत गेले; आणि आजोबांची जीप वारसाहक्काने मिळाली, तरी आजोबांचे निदान वारशाने घेता येत नाही.

पहिला कालखंड सहा व्होल्टचा. युद्धकाळातील जीप आणि तिच्यानंतरच्या आरंभीच्या गाड्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालत. तेवढेच काम बारा व्होल्टऐवजी सहा व्होल्टवर करून घ्यायचे तर प्रवाह दुप्पट लागतो, आणि तारेच्या सांध्यात वाया जाणारा शक्तीचा हिस्सा चौपट होतो. तांब्याचा विद्युतरोध उष्णतेने वाढतो. तार साठ अंशांनी तापली तर तो जवळजवळ चतुर्थांशाने अधिक होतो. त्यामुळे इंजिनाच्या कुशीत भाजून निघालेला सेल्फ गरम अवस्थेत कण्हत कण्हत फिरे, आणि त्याच वेळी ठिणगीसाठी लागणारा दाबही त्याच बॅटरीतून खाऊन टाकी. त्या काळी हँडल मारताच गाडी चालू होई, याचे रहस्य हेच. दोष पेट्रोलचा असता तर हँडलानेही फारसे साधले नसते. पुढे बारा व्होल्टची व्यवस्था रूढ झाल्यावर हे कारण मागे पडले; पण गंजलेली अर्थिंगची पट्टी आणि बारीक तारा आजही तोच खेळ करतात.

दुसरा कालखंड दुरुस्त्यांचा. एकेक गाडी वीस-तीस वर्षांची झाली, इंजिने खोलली गेली, पुन्हा जोडली गेली. अशा प्रत्येक जुळणीत काही किरकोळ वस्तू बाजूला पडतात: कार्बोरेटरखालचा उष्णता अडविणारा जाड तुकडा, पंप आणि धुराची नळी यांमधला पत्रा, पेट्रोलची नळी जागच्या जागी धरणारी एखादी पट्टी. त्यांच्यावाचून गाडी चालते, म्हणून त्यांची आठवण कोणाला राहत नाही. याच काळात डेल्कोमधला कंडेन्सर आणि कॉइल ही दुसरी दुखणी पुढे आली. कंडेन्सरच्या आतील वेष्टन जुने झाले की थंड असताना ते धरते आणि तापल्यावर गळू लागते. कॉइलच्या बारीक तारांचेही तसेच. लक्षण तेच, तासाभराची विश्रांतीही तीच. मात्र येथे पेट्रोलचा काही संबंध नसतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले आणि जीपमध्ये डिझेल इंजिन बसविण्याकडे ओढा वाढला. गरम झाल्यावर दगा देते ही तक्रार त्या वेळी मूळ इंजिन काढून टाकण्यास सोयीचे निमित्त ठरे. काही रुपयांच्या कंडेन्सरपायी सबंध इंजिन भंगारात जावे, यासारखा तोट्याचा व्यवहार नाही.

तिसरा कालखंड आपल्या डोळ्यांदेखतचा, इथेनॉलचा. जून २०२२ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सरासरी दहा टक्क्यांवर पोचले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळूर येथे वीस टक्के मिश्रणाचा आरंभ झाला आणि २०२५ मध्ये ते प्रमाण देशभर गाठले गेले. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळते, म्हणजे पेट्रोलच्या हलक्या अंशांहून बरेच उशिरा. परंतु पेट्रोलात मिसळल्यावर ते त्या हलक्या द्रवांशी संगनमत करते आणि मिश्रणाचा मोठा भाग सत्तर अंशांच्या आतच वाफ होऊ लागतो. बाष्पदाबातील वाढ दहा टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते. वीस टक्क्यांवर ती किंचित उतरते, पण नाहीशी होत नाही. भारतीय मानक आय.एस. २७९६ मध्ये पेट्रोलसाठी नळीतील वाफेच्या अडथळ्याचा एक निर्देशांकच दिलेला आहे. बाष्पदाब आणि सत्तर अंशांपर्यंत उडून जाणारा भाग यांवरून तो काढतात. त्याची मर्यादा उन्हाळ्यात आणि अन्य महिन्यांत वेगळी ठेवलेली आढळते. आपल्या यल्लापूरच्या चहाची दखल सरकारी मानकानेही घेतली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

इथेनॉलचा दुसरा परिणाम अधिक आडवळणाने होतो. पंपातील जुना पडदा आणि रबराच्या नळ्या त्याने फुगतात वा भेगाळतात. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला थर सुटून गाळणीत येतो. गाळणी तुंबली की पंपाला अधिक ओढावे लागते. ओढ वाढली की नळीतील दाब उतरतो. दाब उतरला की पेट्रोल आधी उकळते. अशा रीतीने टाकीतल्या मळामुळे पंपात वाफ धरते, आणि पाहणारा मात्र पंपालाच दोष देतो.

साक्ष घेण्याची रीत

कारणे इतकी आणि लक्षण एकच. तर निवाडा कसा करावा? इथे एक अडचण आहे. या दोषाचा पुरावा उष्णतेबरोबर येतो आणि उष्णतेबरोबर जातो. गाडी निवली की वाफेचे पेट्रोल होते, कंडेन्सर पुन्हा धरतो, तारेचा रोध उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिस्त्रीकडे न्यावी, तर ती एखाद्या शहाण्या मुलासारखी वागते आणि मिस्त्री बिचारा अंदाजाने एकेक भाग बदलीत सुटतो. साक्षीदार पळून गेल्यावर पंचनामा करण्यासारखाच हा प्रकार. म्हणून पहिला नियम असा की, गाडी अडून बसलेली असेल त्याच क्षणी, ती निवण्यापूर्वी, तपासावी. प्रश्न तीन आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये.

पहिला प्रश्न: इंजिन जोमाने फिरते काय? सेल्फ सावकाश, दमल्यासारखा फिरत असेल, तर पेट्रोलचा विचार बाजूला ठेवावा. हँडलाने इंजिन सहज फिरत असेल, तर दोष बॅटरी, तारा, अर्थिंग किंवा सेल्फ यांत आहे. हँडलानेही ते जड जात असेल, तर पाणी आणि तेल पाहावे. इंजिन मर्यादेबाहेर तापलेले असण्याचा संभव असतो. उलट हँडल नेहमीपेक्षा हलके जाऊ लागले, तर टॅपेटचे अंतर कमी होऊन गरम झडपा पुरत्या मिटत नाहीत, असा संशय घ्यावा. हँडलाने झटका दिला, तर ठिणगी फार आधी पडत आहे असे समजावे. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवावा, ही जुन्या चालकांची शिस्त या झटक्यापायीच आलेली आहे.

दुसरा प्रश्न: पेट्रोल आहे काय, आणि किती? हवेच्या गाळणीची नळी काढून कार्बोरेटरच्या घशात पाहावे आणि हाताने थ्रॉटल हलवावा. पेट्रोलची बारीक धार उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे. धार उडाली नाही आणि घसा कोरडा असेल, तर पुरवठा तुटला आहे: नळीत वा पंपात वाफ धरली आहे. ओल्या फडक्याने पंप आणि नळी निववावी. थोड्या वेळात धार उडू लागली, तर निदान पक्के झाले. पण घसा ओला दिसला, पेट्रोलचा उग्र वास आला, थेंब गळताना दिसले, तर प्रकार नेमका उलटा आहे. वाटीतले पेट्रोल उकळून आत सांडले आहे आणि इंजिन तहानेने नव्हे, अतिपानाने गुदमरले आहे. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबणे म्हणजे बुडत्याला पाणी पाजणे होय. चोक पूर्ण उघडा ठेवून अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबून धरावा, हलवू नये, आणि मग सेल्फ मारावा. जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. या दोन अवस्थांत बाहेरून तिळमात्र फरक दिसत नाही, उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणूनच घशात डोकावल्यावाचून काही करू नये.

तिसरा प्रश्न: ठिणगी आहे काय? सांडलेले पेट्रोल वाळून त्याचा वास पूर्ण गेल्यावरच ही परीक्षा करावी. प्लगची एक तार काढून, तिच्या वेष्टनाला धरून, टोक इंजिनाच्या लोखंडापासून थोड्या अंतरावर ठेवावे आणि कोणाला तरी सेल्फ मारावयास सांगावे. निळी, कडकड वाजणारी ठिणगी ठीक. पिवळट, अशक्त ठिणगी किंवा ठिणगीचा अभाव कॉइल व कंडेन्सरकडे बोट दाखवितो. कंडेन्सर स्वस्त असतो, म्हणून आधी तो बदलावा आणि एका वेळी एकच भाग बदलावा. दोन भाग एकदम बदलले तर गाडी सुधारते, पण दोषी कोण होता हे कधीच कळत नाही आणि निर्दोष भाग टाकून दिला जातो.

या तीन प्रश्नांना वेळेची जोड द्यावी. इंजिन बंद केल्यावर एका मिनिटात चालू होते, वीस मिनिटांनी होत नाही आणि तासाने होते, तर मुरलेल्या उष्णतेचा, म्हणजे बहुधा पेट्रोलचा दोष. धावता धावताच गाडी मध्येच बंद पडते आणि निवल्यावर चालू होते, तर कॉइल-कंडेन्सर अधिक संशयास्पद. टाकीचे झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज होऊन गाडी सुधारली, तर झाकणाचे छिद्र बुजलेले आहे. गाडीत एक लहान वही ठेवून दिवस, ऊन, किती वेळ थांबलो, घसा ओला की कोरडा, एवढे टिपून ठेवले तरी चार प्रवासांत चित्र स्पष्ट होते.

निदान झाल्यावर उपाय बहुतेक साधे असतात. पेट्रोलची नळी धुराच्या नळीपासून दूर नेणे, हरवलेला पत्रा आणि कार्बोरेटरखालचा तुकडा परत बसविणे, अडकलेली झडप मोकळी करणे, रेडिएटर साफ करणे, गाळणी आणि टाकी धुणे, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पंपाचा पडदा घालणे. यांतील एकाही उपायाने गाडीचे मूळ रूप बिघडत नाही. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-चार मिनिटे मंद चालू ठेवावे आणि थांबल्यावर बॉनेट उघडावे, हा सर्वांत स्वस्त उपाय.

वारसा आणि कायदा

हे सर्व आज सांगण्याचे एक विशेष कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी-चारचाकी वाहने त्यांत येतात. परंतु अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशा गाड्यांना रोजच्या वापराची मुभा नाही. प्रदर्शन, संशोधन, मेळावे यांसाठी त्या रस्त्यावर आणता येतात. आपल्या अंगणांतल्या कित्येक जीपांची पन्नाशी केव्हाच उलटली आहे. ज्यांचे मूळ इंजिन शाबूत आहे, त्यांना हा दरवाजा उघडा आहे. ज्यांचे इंजिन एखाद्या उन्हाळ्यात वैतागून उतरविले गेले, त्यांना तो बंद आहे. एका चुकलेल्या निदानाची किंमत अशी पन्नास वर्षांनी चुकवावी लागते.

कायद्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्ञानाची. ठिणगीचा रंग आणि पेट्रोलचा वास यांवरून दोष सांगणारे मिस्त्री आता वयस्क झाले आहेत. पॉइंट आणि कंडेन्सरच्या गाड्या रस्त्यावरून गेल्याने नव्या मुलांना ही विद्या शिकण्याचे कारण उरलेले नाही. हुबळीच्या गॅरेजांतून मराठी, कानडी आणि दखनी यांच्या मिसळणीतून कामाची जी भाषा घडली, तीही या विद्येबरोबरच ओसरेल. ज्यांच्या घरी जुनी जीप आहे, त्यांनी अशा मिस्त्रीला बोलावून, गाडी तापलेली असतानाच, त्याची तपासणी पाहावी आणि ती लिहून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. घराण्याच्या दप्तरात खरेदीखते आणि वंशावळी असतात, तशी ही वहीही असावी.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक जुनाच धडा नव्याने मिळतो. परंपरेने आलेले स्पष्टीकरण पुष्कळदा एका काळी खरे असते. काळ बदलल्यावर तेच उत्तर आपण सवयीने देत राहतो. पुरावा हाती असताना, तो निवण्यापूर्वी, क्रमाने प्रश्न विचारणे एवढाच त्यावर उपाय आहे. येत्या एप्रिलात अरबैल घाट चढून आल्यावर गाडी अडली, तर तिला विश्रांतीसाठी सोडून चहाकडे वळू नये. प्रथम बॉनेट उघडावे.